आधी सनद, मग लॉ स्कूल: अमेरिकेत कायदा शिकायला निघालेल्यांसाठी

दर वर्षी गणपती विसर्जन झालं की फोन सुरू होतात. "मॅडम, कोलंबिया घेऊ की जॉर्जटाउन?" बोलणारी मुलं पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजची असतात, मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजची (जीएलसी) असतात, कधी लातूर-नांदेडकडच्या कॉलेजांतली. मी उलट विचारते, "शिकून झाल्यावर उभं कुठल्या कोर्टात राहणार?" पलीकडे शांतता. मग दबक्या आवाजात, "ते नंतर बघू ना."

ते नंतर बघता येत नाही. मी चार वर्षं पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टात काढून एलएल.एम.ला, म्हणजे कायद्याच्या पदव्युत्तर पदवीला, गेले, तेव्हा मीही रँकिंगची यादी वरून खाली वाचत गेले होते. हा क्रम उलटा आहे हे कळेपर्यंत पैसे भरून झाले होते. म्हणून या लेखात लॉ स्कूलची नावं मुद्दाम उशिरा येतात. मधले भाग गाळून थेट तिथे उडी मारू नका.

पदवी कुठली

अमेरिकेत वकील होण्याची मूळ पदवी म्हणजे जे.डी. कुठल्याही शाखेच्या पदवीनंतर तीन वर्षं. आपल्यासारखा बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम तिथे नाही. एलएल.एम. एका वर्षाची म्हणतात, पण हिशेब केला तर ऑगस्ट ते मे, जेमतेम नऊ महिने. तिसरी एस.जे.डी. किंवा जे.एस.डी. ही संशोधनाची पदवी. ती प्राध्यापकीकडे जाणाऱ्यांसाठी.

एलएल.बी. झालेल्या बहुतेकांच्या डोक्यात एलएल.एम. असते, कारण ती छोटी आणि त्या मानाने स्वस्त. परत येऊन इथेच वकिली करायची असेल, किंवा लवाद, कर, पेटंट असा एखादा विषय पक्का करायचा असेल, तर एलएल.एम. पुरते. माजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी हार्वर्डहून १९८३ मध्ये एलएल.एम. आणि १९८६ मध्ये एस.जे.डी. केली आणि वकिली केली ती मुंबई उच्च न्यायालयात. पण अमेरिकेतच कायमची वकिली करायची असं मनात पक्कं असेल, तर मी स्पष्ट सांगते: जे.डी.चा विचार करा. तिथल्या मोठ्या फर्म पहिल्या वर्षाच्या वकिलाला २,२५,००० डॉलर पगार देतात अशा बातम्या आपण वाचतो. ती दारं जवळजवळ सगळी जे.डी.वाल्यांसाठी उघडतात. एलएल.एम. करून तिथे शिरलेले आहेत, पण त्यातल्या बहुतेकांच्या गाठीशी मुंबई-दिल्लीच्या मोठ्या फर्ममधली काही वर्षं असतात.

आधीच एलएल.बी. असेल तर जे.डी.ची तीन वर्षं थोडी कमी होऊ शकतात. परदेशातल्या कायद्याच्या शिक्षणाबद्दल जास्तीत जास्त एक तृतीयांश क्रेडिट (अभ्यास मोजण्याची एककं) माफ करण्याची मुभा तिथल्या लॉ स्कूलना आहे, आणि त्यावरच काहींनी परदेशी वकिलांसाठी दोन वर्षांची जे.डी. चालू केली आहे. ही गोष्ट आपल्याकडे फार कमी जणांना ठाऊक असते. विचारा, कारण विचारल्याशिवाय ती कोणी सांगत नाही.

सनद कुठली

आपल्याकडे महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद घेतली, ऑल इंडिया बारची परीक्षा दिली, की देशभर वकिली करता येते. अमेरिकेत तसं नाही. प्रत्येक राज्याची सनद वेगळी, त्यासाठीच्या बार परीक्षेला बसण्याच्या पात्रतेचे नियम वेगळे. कित्येक राज्यं परदेशी पदवीवाल्याला जे.डी.शिवाय दारातच उभं करत नाहीत. आपल्या मुलांच्या कामाची राज्यं मुख्यतः दोन, न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया. शिकागोत किंवा मिशिगनमध्ये एलएल.एम. केलेले कितीतरी जण परीक्षा न्यूयॉर्कची देतात, ती याचमुळे.

न्यूयॉर्कचा नियम ५२०.६ हा जाण्याआधी शांतपणे वाचायचा. त्याचा गाभा असा: तुमचं कायद्याचं शिक्षण इंग्लिश कॉमन लॉवर, म्हणजे कोर्टाच्या आधीच्या निकालांवर चालणाऱ्या कायद्याच्या पद्धतीवर, आधारलेलं हवं आणि कालावधीने अमेरिकन शिक्षणाच्या बरोबरीचं हवं. या दोनपैकी एकच गोष्ट कमी पडत असेल तर मान्यताप्राप्त लॉ स्कूलमधली २४ क्रेडिटची एलएल.एम. ती उणीव भरून काढते. दोन्ही कमी पडत असतील तर एलएल.एम.चाही उपयोग नाही. आपला कायदा कॉमन लॉचा, पदवीनंतरची एलएल.बी. तीन वर्षांची, त्यामुळे काही भारतीय पदवीधरांना एलएल.एम. न करताच परीक्षेला बसायची परवानगी मिळते! मी हे सांगते तेव्हा अर्ध्या लोकांना मी थट्टा करते आहे असं वाटतं.

म्हणून पहिलं काम अर्ज करण्याचं नाही. न्यूयॉर्कच्या बार परीक्षा मंडळाकडे आपल्या पदवीची तपासणी करून घेणं हे पहिलं काम. फॉर्म ऑनलाइन भरता येतो, पण कागद विद्यापीठाने आणि बार कौन्सिलने थेट त्यांच्याकडे पाठवावे लागतात, आणि उत्तराला महिनोन्महिने लागतात. जाण्याच्या वर्षभर आधी सुरुवात केलेली बरी. उत्तर "एलएल.एम. लागेल" असं आलं, तर कुठले विषय घ्यायचे हेही ठरूनच जातं: व्यावसायिक नीतीचे २ क्रेडिट, कायदेविषयक संशोधन आणि लेखनाचे २, अमेरिकन कायद्याच्या ओळखीचे २, आणि बार परीक्षेत येणाऱ्या विषयांचे ६. वर्ग अमेरिकेतल्या कॅम्पसवर बसूनच करायचे, ऑनलाइन चालत नाहीत. आता यातून लॉ स्कूल निवडण्याचा पहिला निकष आपोआप हाती लागतो. ज्या एलएल.एम.मध्ये सगळे विषय आधीच ठरलेले असतात, उदाहरणार्थ निव्वळ करकायदा किंवा निव्वळ मानवाधिकार, तिथे हे १२ क्रेडिट बसतात का? काही ठिकाणी बसतात, काही ठिकाणी जादा पैसे भरून उन्हाळ्यात वर्ग करावे लागतात. प्रवेश विभागाला हा प्रश्न लेखी विचारा.

कॅलिफोर्निया याच्या उलट वाटेने जातं. तुम्ही परदेशात सनद घेतलेले वकील असाल, तर तिथे एलएल.एम. न करता परीक्षेला बसता येतं. नुसती एलएल.बी. असेल आणि सनद नसेल, तर मात्र एलएल.एम. लागते. शेवटच्या वर्षाच्या मुलांना मी म्हणते, निकाल लागल्यावर सरळ सनद काढा, परीक्षा द्या, एखाद्या सीनियरकडे बसा. त्याचा न्यूयॉर्कलाही उपयोग होतो. तिथे परीक्षा पास झाल्यावरही प्रत्यक्ष कामाचं कौशल्य आहे हे दाखवावं लागतं, आणि आपल्या देशात एक वर्ष पूर्णवेळ वकिली केलेली असेल तर ती अट त्यातच भागते. शिवाय ५० तास विनामूल्य कायदेशीर काम केल्याचा दाखला लागतो.

परीक्षा सोपी नाही. न्यूयॉर्कमध्ये परदेशी पदवीवाल्यांपैकी साधारण निम्मेच पास होतात, आणि कॅलिफोर्नियात परदेशी वकिलांचं प्रमाण त्याहूनही बरंच खाली असतं. फी वेगळी: न्यूयॉर्कचा अर्ज परदेशी पदवीवाल्यांना ७५० डॉलरला पडतो, तिथल्या जे.डी.वाल्यांना २५०. परीक्षेचं रूपही बदलतं आहे. नेक्स्टजेन नावाची नवी परीक्षा जुलै २०२६ पासून काही राज्यांत सुरू होते आहे आणि न्यूयॉर्कने त्यासाठी जुलै २०२८ ठरवलं आहे. सीनियरच्या जुन्या नोट्स घेऊन जाताना ही तारीख लक्षात असू द्या.

यादी करताना

आता लॉ स्कूल. अमेरिकन बार असोसिएशनची मान्यता असलेली लॉ स्कूल दोनशेच्या आसपास आहेत. मान्यता आहे की नाही हे त्यांच्या यादीत पाहणं हे दोन मिनिटांचं काम. ते करा आणि पुढे चला. एक बारकावा ध्यानात ठेवा. ही मान्यता जे.डी.च्या अभ्यासक्रमाला असते. एलएल.एम.ची गुणवत्ता कोणी तपासत नाही. त्यामुळे जे.डी. उत्तम असलेल्या ठिकाणची एलएल.एम. हा फक्त जादा कमाईचा धंदा असू शकतो, आणि मधल्या फळीतल्या एखाद्या ठिकाणी ती फार मनापासून चालवलेली असू शकते.

रँकिंगचंही तेच. यूएस न्यूजची प्रसिद्ध यादी जे.डी.ची. टी-१४ म्हणजे वरच्या चौदांचा जो दबदबा आहे तो त्या यादीतून आलेला. नोव्हेंबर २०२२ मध्ये येल आणि हार्वर्डने या यादीला माहिती देणं थांबवण्याची घोषणा केली, मग इतरही बाहेर पडले, आणि मोजमापाची पद्धतच बदलावी लागली. यादी तरीही निघतेच, आणि आपल्याकडचे पालक ती तोंडपाठ करतातच. मी रँकिंग पूर्ण फेकून द्या म्हणणार नाही. परत येऊन मुंबईच्या मोठ्या फर्ममध्ये जायचं असेल तर नावाला वजन आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण सातवा आणि अकरावा क्रमांक यांच्यातल्या फरकासाठी वीस लाख रुपये जादा मोजणं हा वेडेपणा आहे.

विषय पक्का असेल तर यादी वेगळी होते. करकायद्याला एनवाययू (न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी), आणि त्याच्या जोडीला जॉर्जटाउन आणि फ्लोरिडा. पेटंट आणि बौद्धिक संपदेला बर्कली, जॉर्ज वॉशिंग्टन, आणि छोट्या काँकर्ड गावातलं न्यू हॅम्पशायरचं फ्रँकलिन पिअर्स. मध्यस्थी आणि वाद मिटवण्याच्या शास्त्राला कॅलिफोर्नियातलं पेपरडाइन. पर्यावरणाला व्हरमाँट आणि न्यूयॉर्कजवळचं पेस. जहाजांच्या आणि सागरी कायद्याला न्यू ऑर्लिन्सचं टुलेन. न्हावा-शेवा आणि बॅलार्ड इस्टेटच्या शिपिंग फर्ममध्ये काम केलेल्यांनी ते नाव टिपून ठेवावं. यातली काही नावं टी-१४च्या आसपासही नाहीत, पण त्या त्या विषयातल्या वकिलांना ती बरोबर माहीत असतात. तुमच्या नातेवाइकांना माहीत नसतील, तर नसू देत.

वर्गाचा आकार हीही मोठी गोष्ट आहे, आणि ती कोणी विचारत नाही. येलची एलएल.एम. पंचवीसेक जणांची, आणि ती मुख्यतः पुढे शिकवणाऱ्यांसाठी आहे. कॉर्पोरेट वकिलाने तिकडे अर्ज करण्यात वेळ घालवू नये. हार्वर्डमध्ये १८० च्या आसपास, शिकागोत त्याच्या निम्म्याहून कमी, एनवाययू आणि जॉर्जटाउनमध्ये शेकड्यांनी. शंभर जणांच्या वर्गात शिफारसपत्र देण्याइतकं कुठलेही प्राध्यापक तुम्हाला ओळखत नाहीत. मोठ्या वर्गाचा फायदाही आहे: विषयांची निवड भरपूर, आणि पुढे जगभर ओळखी. मला विचाराल तर मध्यम बरा.

शहराबद्दल एवढंच की हिवाळा खराखुरा असतो, आणि नोकरी शोधायची तर ज्या शहरात फर्म आहेत तिथे राहिल्याचा उपयोग होतो. कॉफीसाठी कोणाला भेटायला सबवेने जाणं आणि विमानाने जाणं यात फरक आहे. बाकी मराठी मंडळ जवळजवळ सगळीकडे सापडतं, दिवाळीला चकलीही मिळते.

आणि हो, "बाबासाहेब कोलंबियात शिकले म्हणून मलाही कोलंबियाच" असं सांगणारी मुलं दर वर्षी भेटतात. भावना मी समजू शकते; तिथल्या लेहमन ग्रंथालयात त्यांचा अर्धपुतळा पाहून मीही गप्प उभी राहिले होते. पण १९१३ मध्ये ते तिथे गेले ते अर्थशास्त्र शिकायला, बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. बॅरिस्टर झाले ते लंडनच्या ग्रेज इनमधून.

पैसा

इथे थोडं थांबू या, कारण यादीतली निम्मी नावं इथेच गळतात, आणि ती आधीच गळालेली बरी.

नावाजलेल्या खासगी लॉ स्कूलची एका वर्षाची ट्यूशन ७५ ते ८५ हजार डॉलर. त्यात विमा, पुस्तकं, जेवण आणि न्यूयॉर्कचं भाडं धरलं की आकडा १,१०,००० डॉलरच्या वर जातो. डॉलर निदान ९० रुपयांना धरा. एक कोटी झाले, आणि ते नऊ महिन्यांचे. जे.डी.ला तिप्पट. मिडवेस्टातल्या, म्हणजे अमेरिकेच्या उत्तर-मध्य भागातल्या, सरकारी विद्यापीठांत ट्यूशनही कमी आणि भाडं तर निम्म्याहून कमी, शिवाय एलएल.एम.ला तिथे बऱ्यापैकी सूट मिळते. फीच्या आकड्याला छापील किंमत समजा. भाजीबाजारातली घासाघीस तिथे चालत नाही, पण दुसऱ्या लॉ स्कूलने जास्त शिष्यवृत्ती दिल्याचं पत्र जोडून नम्र ईमेल लिहिली तर पुष्कळदा काही हजार डॉलर वाढतात. मला वाढवून मिळाले होते. लिहिताना हात थरथरत होते, एवढंच.

जे.डी.च्या शिष्यवृत्तीत एक सापळा असतो. काही ठिकाणी ती ठराविक गुण टिकले तरच पुढच्या वर्षी मिळते, आणि तिथे गुण वक्रावर देतात, म्हणजे वर्गातल्या ठराविक टक्के मुलांना खाली जावंच लागतं. अशा अटीमुळे किती जणांची शिष्यवृत्ती गेली हा आकडा प्रत्येक लॉ स्कूलला ५०९ नावाच्या वार्षिक माहितीपत्रकात जाहीर करावा लागतो. तो पाहा. तिथेच फी आणि प्रवेश घेतलेल्यांचे गुणही सापडतात, आणि पदवीनंतर दहा महिन्यांनी किती जण खरोखर वकिलीच्या नोकरीत होते याचाही वेगळा तक्ता प्रत्येकाला छापावा लागतो. एलएल.एम.साठी अशी सक्ती नाही. म्हणून तिथे विचारायचं: मागच्या वर्षीच्या एलएल.एम.पैकी किती जण अमेरिकेत कामाला लागले, किती आपल्या जुन्या नोकरीवर परत गेले? उत्तरादाखल आकड्यांऐवजी हसऱ्या मुलांचे फोटो आले, तर काय समजायचं ते समजा.

आपल्या बाजूने मदत कुठून? जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून कर्ज-शिष्यवृत्ती देतं आहे. इनलॅक्सची शिष्यवृत्ती कठीण, पण मिळाली तर मोठी. फुलब्राइट-नेहरूच्या मास्टर्स फेलोशिपला तीन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि तिचा व्हिसा जे-१ असतो, त्यामुळे शिक्षणानंतर दोन वर्षं भारतात राहण्याची अट येते. तिथे राहायचं स्वप्न असेल तर ती घेऊ नका. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्राची नॅशनल ओव्हरसीज आहे. इतर घटकांसाठीही राज्याच्या योजना आहेत. यात एक मेख आहे. तिथे विद्यापीठाचं क्यूएस जागतिक क्रमवारीतलं स्थान बघतात, लॉ स्कूलचं नाही. पर्यावरण कायद्यात नाव असलेलं व्हरमाँट हे स्वतंत्र लॉ स्कूल, विद्यापीठाचा भाग नाही, तेव्हा त्या क्रमवारीत ते शोधून सापडणारच नाही. या शिष्यवृत्तीवर भिस्त असेल तर अर्ज करण्याआधीच यादी त्या वर्षीच्या शासन निर्णयाशी ताडून घ्या.

कर्जाचं म्हणाल तर तिथली सरकारी कर्जं परदेशी विद्यार्थ्यांना नाहीत. इथल्या बँका देतात, पण शेतजमीन सहसा तारण धरत नाहीत. फ्लॅट किंवा एन.ए. प्लॉट मागतात. व्हिसाला लागणाऱ्या आय-२० या प्रवेशाच्या कागदासाठी लॉ स्कूलला दाखवायचे पैसेही हाताशी असलेले हवेत: बँकेतली शिल्लक, मुदत ठेव, मंजूर कर्जाचं पत्र. सातबारा कितीही मोठा असला तरी तिकडे कोणाला वाचता येत नाही.

व्हिसा आणि एकच लॉटरी

एफ-१ व्हिसाची कागदपत्रं, सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीचे ३५० डॉलर, बीकेसीतली मुलाखत, हे सगळं सांगणारे शंभर जण भेटतील. कायद्याच्या विद्यार्थ्याला जे नेमकं भोवतं ते मी सांगते. शिक्षणानंतर काम करायची मुभा, म्हणजे ओपीटी, १२ महिन्यांची. संगणकवाल्या मित्राला ती आणखी २४ महिने वाढवून मिळते. कायदा स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) मोडत नसल्याने आपल्याला नाही. मेमध्ये पदवी, जुलैच्या अखेरीस बार परीक्षा, निकाल शरद ऋतूत, आणि नोकरीसाठीच्या एच-१बी व्हिसाची लॉटरी मार्चमध्ये. म्हणजे या १२ महिन्यांत एलएल.एम.वाल्याच्या वाट्याला लॉटरी येते एक. दरवर्षी ६५,००० जागा, आणि अमेरिकेत मास्टर्स किंवा त्यावर शिकलेल्यांसाठी आणखी २०,०००. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरच्या शुल्काची घोषणा झाली. ते कोणाला लागू आणि कोणाला नाही हे तुमच्या वर्षी काय असेल ते ताजं तपासा. सध्या तरी तिथे राहण्याच्या भरवशावर एक कोटीचं कर्ज काढू नये, असंच माझं मत आहे. परत आलो तरी हप्ते फेडता येतील का, हे गणित आधी सुटलं पाहिजे.

एक छोटी युक्ती. ओपीटीत ९० दिवसांहून जास्त बेकार राहता येत नाही. पण ती सुरू करण्याची तारीख शिक्षण संपल्यावर ६० दिवसांपर्यंत पुढची घेता येते. जून-जुलै बारच्या अभ्यासात जाणार, मग घड्याळ मेमध्येच का सुरू करायचं?

अर्ज

एलएल.एम.ला एलसॅट ही लॉ स्कूलची प्रवेश परीक्षा लागत नाही. इंग्रजीसाठी टोफेल किंवा आयईएलटीएस, तेही काही ठिकाणी इंग्रजी माध्यमाचं प्रमाणपत्र दिल्यावर माफ. जे.डी.ला एलसॅट किंवा कित्येक ठिकाणी जीआरई. ऑगस्ट २०२४ पासून एलसॅटमधला कोड्यांचा विभाग गेला, तेव्हा त्याआधीची पुस्तकं रद्दीत घाला. अर्ज एलसॅकच्या, म्हणजे एलसॅट घेणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावरून तुम्ही स्वतः करता. एजंटाची गरज नाही. जो एजंट दोनच लॉ स्कूलची नावं पुन्हा पुन्हा घेतो, त्याला कमिशन कोण देतं ते विचारा.

मोठ्या ठिकाणच्या मुदती डिसेंबर ते फेब्रुवारीत संपतात. सप्टेंबरात जाग आली तर उशीर झाला असं नाही, पण ट्रान्सक्रिप्टचं काम त्याच दिवशी सुरू करा. विद्यापीठातून सीलबंद पाकिटात ट्रान्सक्रिप्ट निघणं म्हणजे काय, ते मी सांगत नाही. मी चार खेटे घातले आणि चौथ्या खेपेला पाकिटावरचा शिक्का विसरला होता. पाचवा खेटा.

गुणांचं दुखणं वेगळं. आपल्या विद्यापीठांत कायद्याला ५८ टक्के म्हणजे वर्गात वरचा नंबर असू शकतो, पण तिकडच्या प्रवेश समितीला ५८ म्हणजे नापासाच्या काठावर वाटतात. प्राचार्यांकडून वर्गातल्या क्रमांकाचं पत्र घ्या, आणि त्या वर्षी सर्वाधिक गुण किती होते हेही त्यात लिहून घ्या. एवढ्या एका कागदाने अर्जाचा नूर बदललेला मी पाहिला आहे.

शिफारसपत्रं आपल्याकडे फार भोळेपणाने घेतात. मूट कोर्टात, म्हणजे विद्यार्थ्यांच्या नकली खटल्यांच्या स्पर्धेत, दोनदा भेटलेल्या निवृत्त न्यायमूर्तींचं "कष्टाळू आणि नम्र मुलगा" असं तीन ओळींचं पत्र काही कामाचं नाही. ज्या सीनियरने तुमचा मसुदा लाल शाईने भरून परत केला आणि तिसऱ्या खेपेला तसाच दाखल केला, त्यांना ते दोन्ही प्रसंग लिहायला सांगा. स्वतःच्या निवेदनातही तेच. "लहानपणापासून न्यायाची ओढ" नको. मोटार अपघात दाव्यांच्या न्यायाधिकरणात भरपाईचा हिशेब कसा लागतो आणि तो कुठे चुकतो हे तुम्ही पाहिलं असेल, तर ते लिहा. समिती तो कागद शेवटपर्यंत वाचेल. किती ठिकाणी अर्ज करावा? सहा ते आठ पुरेत. त्यात दोन अशी असावीत जिथे शिष्यवृत्तीसह प्रवेश मिळण्याची चांगली शक्यता आहे आणि जिथे गेलात तर वाईट वाटणार नाही.

पत्रं आल्यावर

फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये उत्तरं येतात आणि जागा धरून ठेवायला अनामत भरण्याची तारीख अंगावर येते. त्याआधी प्रत्येक ठिकाणी सध्या शिकत असलेले दोन भारतीय विद्यार्थी गाठा. प्रवेश विभागाने जोडून दिलेले नकोत, स्वतः लिंक्डइनवर शोधलेले. "कसं आहे?" असं विचारलं तर "छान आहे" असंच उत्तर येईल. असे प्रश्न विचारा की ज्यांना आकड्यात किंवा नावात उत्तर द्यावं लागेल. जे.डी.च्या वर्गात एलएल.एम.वाल्यांना बसू देतात का, की वेगळं बसवतात? हवे ते विषय नोंदणीत मिळाले का? एलएल.एम.साठी करिअर सल्लागार वेगळा आहे का, आणि त्याला तुमचं नाव माहीत आहे का? जानेवारीत न्यूयॉर्कला अनेक लॉ स्कूल मिळून एलएल.एम.वाल्यांच्या मुलाखतींचा मेळावा भरवतात. त्यात तुमचं लॉ स्कूल आहे का, आणि मागच्या वर्षी तुमच्यापैकी किती जणांना तिथे मुलाखत मिळाली?

नाशिकच्या एका मुलाने गेल्या वर्षी हे प्रश्न जसेच्या तसे पाठवले. मोठ्या नावाच्या ठिकाणाहून एका ओळीचं उत्तर आलं. दुसऱ्या ठिकाणच्या मुलीने पाऊण तास फोनवर बोलून, नोंदणीच्या दिवशी पहाटे कितीला उठायचं इथपर्यंत सगळं सांगितलं. तो दुसरीकडे गेला. आता तो न्यूयॉर्कच्या बारचा अभ्यास करतो आहे, आणि सनदेची प्रमाणित प्रत वेळेवर पोचली नाही म्हणून त्याची आई परवा बार कौन्सिलच्या कार्यालयात जाऊन आली. तुमच्या प्रती जाण्याआधीच काढा. तीन काढा, मूळ घरी ठेवा, आणि कपाटाची किल्ली कोणाकडे आहे ते घरच्यांना सांगून जा.